येडूचा डावा पाय

नवी पेठ, सोलापूर
११ जानेवारी १९७२

प्रिय रामहरी,
नमस्कार.

मांडीला गोळी चाटून गेली आणि पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आराम चालू आहे, हे तुझं पत्र विजयमालावहिनींनी वाचून दाखवलं आणि जीव भांड्यात पडला. मुक्ताआत्या जेऊरहून दोनदा येऊन गेली. तिला पुण्याला यायचंच होतं. पण लेकानंच 'कुणी येऊ नका, पंधरा दिवसांत सुटतो' असं लिहिलंय म्हटल्यावर वहिनींनी तिला समजावून परत धाडलं.

इकडची एक गोष्ट सांगतो. माझा येडू फौजेत गेला. बारा वर्षं जो गडी टांग्यात उलटा बसायचा आणि गिरणीचा भोंगा झाला की मेंढरं कुठं गेली म्हणून पळत सुटायचा, त्याला मी डिसेंबरात भरती करून टाकलं. दुसरा इलाज नव्हता. लढाई सुरू झाली तशी लोकं आमच्या दैनिकात बातम्यांशिवाय काही वाचेनात, माझ्या येडूच्या चित्रांच्या चौकटीसुद्धा नाहीत. संपादक ईरप्पाअण्णा म्हणाले, 'हिंदुराव, गावची पोरं सीमेवर आहेत आणि तुमचा येडू अजून बाजारात वांगी निवडतोय. बरं दिसत नाही.' पहिले आठ दिवस बंदूक उलटी धरणं वगैरे करून हसवलं. मग लढाई थांबायच्या आदल्या दिवशी त्याला शत्रूच्या मशीनगनसमोर उभं केलं आणि पाडलं.

तेव्हापासून तो पांघरुणाखाली आहे आणि कचेरीत रोज तीसचाळीस पत्रं येताहेत. शाळेच्या शाळा पत्रं लिहितात. पूर्व भागातल्या अक्कम्मा नावाच्या एका विणकर बाईनं त्याच्यासाठी चादर आणून दिली. ती आणि अण्णा तेलुगू-मराठीत किती वेळ बोलत होते. ती शेवटी डोळे पुसत गेली. बारा वर्षांत माझ्या चित्राला असं कुणी रडलं नव्हतं.

येडूला नक्की कुठं लागलंय ते अजून मी उघड केलेलं नाही. अण्णा म्हणतात हात, मला पाय वाटतो. तू तिथंच आहेस तर चार ओळी लिहून पाठव. वॉर्ड कसा असतो, गडी दिवसभर काय करतात, कण्हतात की पत्ते कुटतात. घरचाच माणूस तिथं असताना मी मनानं का काढत बसू?

तुझा,
हिंदुराव

*

पुणे
२० जानेवारी १९७२

हिंदुराव यास रामहरीचा रामराम.

चार ओळी पाठव म्हनलास, घे. वॉर्डात वीस खाटा हायत. सकाळी चहा, मग पट्ट्या बदलायला येतात. त्या वक्ताला समदे गडी भिताडाकडं बगतात. बाकीचा दिवस पत्ते. कण्हत कोन न्हाय, शेजारचा लाजंल म्हनून.

येडूला रोज चाळीस पत्रं येतात. मला डिसेंबरपास्नं सात आली. तीन आईनं मास्तराकडनं लिवून घेतलेली, तीन विजयमालाची, एक तुजं. त्यातबी निम्मं पत्र येडूचंच. त्याला चादर मिळाली, माज्यासाटी कोन कुटं रडलं ते तू लिवलं न्हाईस. बारा वर्षं तू त्याला माजे कान लावून फिरवतोयस. जेऊरच्या शाळेत मला सुपकन्या म्हनत व्हते हे तुला एकट्यालाच म्हाईत. मी कधी बोललो न्हाय. भाऊ हाय, पोटापान्यासाटी काडतोय म्हनलं.

आता खरं सांगतो. गोळी चाटलेली न्हाय. डावा पाय गुडघ्याच्या खालनं काडलाय. आन तुज्या येडूसारखं मशीनगनसमोर न्हाय झालं. लढाई थांबून तीन दिवस झाले व्हते. समदे हसत व्हते. मी डबा घेऊन पानी आनायला निगालो, वाळूत सुरुंग व्हता. येवडंच. कुनी विचारलं कसं लागलं तर काय सांगू? पानी आनताना?

एक लई वंगाळ हाय. दुपारच्याला त्या न्हाय त्या पायाची करंगळी खाजती. हात न्यावा तर पांगरूण सपाट. माजा डावा बैल दावनीतनं गेला, पन घाटी अजून वाजती. शेजारच्या सिदूला सांगावं तर त्याचा डोळा गेलाय, त्याला काय सांगायचं.

तुला लिवलं कारन कुनाला तरी लिवायला पायजे. विजयमालाला कळू देऊ नगंस. तिला मी सवडीनं सांगीन.

रामहरी

*

सोलापूर
६ फेब्रुवारी १९७२

प्रिय रामहरी,

तुझं पत्र कचेरीत वाचलं. अण्णांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. चेष्टेचं पत्र पाठवल्याची लाज वाटते.

वहिनींना काही बोललो नाही. परवा गेलो होतो तेव्हा त्या शिवणाच्या वर्गातून नुकत्याच आल्या होत्या. 'ह्यांचं पत्र आलं का तुम्हाला?' म्हणून विचारलं. आलं म्हटलं, बरा आहे म्हटलं. पुढं बसवेना, उठून आलो.

पुण्यात थंडी असेल म्हणून एक चादर पाठवतोय. चांगली जाड आहे. येडूबद्दल काही लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. तू आधी बरा हो.

हिंदुराव

*

पुणे
१२ मार्च १९७२

हिंदुराव,

चादर मिळाली. घडी उलगडली तर आत टाचनीनं चिठ्ठी लावलेली. 'येडूभाऊस, अक्कम्माकडून.' तू काडायची इसरलास. मला आता येडूचं उष्टं पांगरायचं. मी ती सिदूला दिली.

त्या सिदूचं गाव सांगोल्याकडं हाय. परवा त्याच्या घरनं शेंगांची चटनी आली ती तुमच्या पेपरात बांदून आली. सिदूनं एका डोळ्यानं कागद वाचला आन हसाया लागला, मग मला म्हनला, 'रामहरी, ह्यो येडू बग की.' मी बगितलं. पयल्या चौकटीत येडू पांगरुणावर हात फिरवतोय. दुसरीत पांगरूण सपाट. तिसरीत म्हनतोय, 'माजा डावा बैल दावनीतनं गेला, पन घाटी अजून वाजती.'

समद्या वॉर्डात तो कागद फिरला. ज्यांचे पाय गेलेत ते गडी म्हनले, हे ज्यानं काडलं त्याला समदं ठावं हाय, तो नक्की आपल्यातला हाय. त्यांनी मिळून येडूला पत्र लिवलं. वीस सह्या. मलाबी सही मागितली. मी केली. काय करनार, न्हाय म्हनलो असतो तर का म्हनून विचारलं असतं.

हिंदुराव, मी ते तुला एकट्याला सांगितलं व्हतं. घरातला लोटा उचलून न्यावा तसं तू ते उचललंस. माजा पाय तितं वाळूत ऱ्हायला आन माजं दुकनं तू सोलापुरात वाटलंस. त्याची वाहवा कुनाला झाली? येडूला.

दुसरं. विजयमालाच्या पत्रात आता निसता येडू असतो. आज येडूनं दूध पिलं, आज येडूला सिस्टर रागावली. मी काय खाल्लं ते ती इचारत न्हाय. तू घरी जातोस ते तूच लिवलंस. तिचं माढ्याचं स्थळ आदी तुला आलं व्हतं हे मी इसरलेलो न्हाय. तू अजून लगीन केलं न्हाईस हेबी मला दिसतंय. आजपास्नं माज्या घरी जायाचं न्हाय. आन त्या येडूला माजं काय बी घालायचं न्हाय. कानसुद्धा काडून टाक.

रामहरी

*

सोलापूर
१९ मार्च १९७२

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

भावजींना तुम्ही काय लिहिलंत ते मला ठाऊक नाही. पण काल ते दारातूनच बोलून गेले, चहाला आत आले नाहीत. 'वहिनी, यापुढं मी येणार नाही, रामहरीला आवडत नाही,' एवढंच म्हणाले. म्हणून हे पत्र.

मला कळून महिना झाला. तुमच्या पायाचं.

कुणी सांगितलं नाही. पेपरात वाचलं. वर्गातल्या बायका रोज येडू मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी चंद्रव्वा वाचत होती. 'माझा डावा बैल' असं तिनं वाचलं आणि माझ्या हातातली सुई थांबली. सुटीवर घरी आलात की पाय पसरून तुम्ही काय म्हणायचात? 'डावा बैल थकलाय, तेल लाव जरा.' हा शब्द जगात दुसऱ्या कुणाचा नाही. मी तशीच उठून कचेरीत गेले. भावजींना विचारलं, 'ह्यांचा पाय आहे का?' ते खाली बघत राहिले. त्यांनी तुमचा शब्द मोडला नाही. पण मला कळायचं ते कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग लिहिलं का नाही. तुम्ही गोळी चाटून गेली लिहीत होता, मी हो म्हणत होते. तुम्हाला लपवायचं होतं, मी लपवू दिलं. पण मला रडायचं होतं की. तुमच्यासाठी रडता येत नव्हतं, कारण तुम्हाला काही झालंच नव्हतं. म्हणून येडूसाठी रडत होते. येडूनं दूध प्यालं की मला वाटायचं तुम्ही प्यालात. तुम्हाला तेच लिहीत होते. तुम्हाला उमगेल असं वाटलं होतं.

आणि राग मलाही आहे. तुम्ही भावजींना सांगितलंत, मला नाही. चंद्रव्वाच्या आधी मला कळायला नको होतं का? महिनाभर मी भावजींकडं बघून जळतेय. त्यांना तुमचं पत्र वाचायला मिळालं, मला नुसतं चित्र.

कुणी येऊ नका असं आता लिहू नका. एप्रिलमध्ये वर्गाला सुटी लागली की मी येतेय. जेऊरला सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सौ. विजयमाला

*

सोलापूर
२ एप्रिल १९७२

रामहरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. चार पत्रं लिहून फाडली.

तू जे चोरीचं लिहिलंस ते खरं आहे. तुझं जानेवारीचं पत्र वाचून वाईट वाटलं, हेही खरं. पण वाईट वाटत असतानाच हात कागदाकडं गेला. तिन्ही चौकटी एका बैठकीत उतरल्या. इतकं चांगलं चित्र मी कधी काढलं नव्हतं आणि काढताना मला ठाऊक होतं की हे माझं नाही.

आता जे कुणाला बोललो नाही ते लिहितो. एकोणसाठ साली आपण दोघं भरतीच्या रांगेत उभे होतो. तुझी छाती मोजली आणि तुला पुढं ढकललं. माझी एक इंच कमी भरली. मी शर्ट घालून बाहेर आलो, तू आत राहिलास. माढ्याहून वहिनींच्या घरचे मला बघायला आले होते. त्याच महिन्यात तू वर्दीत सुटीवर आलास आणि ते तुमच्या दारात गेले. मी कुणाला दोष दिला नाही. घरी आलो आणि एक मोठ्या कानांचा येडबंबू काढला. ईरप्पाअण्णांना तो आवडला. लोक बारा वर्षं त्याला हसले. रामहरी, मी तुला हसवून घेत होतो. रोज सकाळी सगळं सोलापूर तुला हसतंय असं वाटून मला बरं वाटायचं.

मग लढाई सुरू झाली. तू सीमेवर गेलास कळलं तेव्हा काळजीच्या आधी मनात आलं, हेही त्यालाच. उद्या तो लंगडत येईल, हार घालून घेईल, मी माझ्या ड्रॉइंगच्या बोर्डाच्या मागं उभा राहीन. म्हणून मी येडूला फौजेत धाडलं. जखम मला हवी होती, आणि कागदावर ती मिळते.

वहिनींच्याबद्दल तुझ्या मनात जे आलं ते काढून टाक. मी त्यांच्याकडं जायचो ते तुझी पत्रं ऐकायला.

अण्णांचा विचार असा आहे की मे महिन्यात येडूनं नवा पाय लावून चालावं आणि पंधरा ऑगस्टच्या सुमाराला सोलापूरला परत यावं. काही मंडळी त्याचा सत्कार करणार आहेत, मोठं चित्र लावून. तू म्हणशील तर मी उद्याच येडू बंद करतो. त्याला मारून टाक म्हणालास तरी मारीन. तू सांग.

हिंदुराव

*

पुणे
१४ मे १९७२

हिंदुराव,

तुजं पत्र लई दिवस उशाखाली ठेवलं. भरतीच्या दिवसाचं वाचून मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाय. मला वाटत व्हतं जळनारा मी एकटाच हाय.

विजयमाला येऊन गेली. पॅसेंजरनं एकटी आली, कडक भाकरी आन चटनी घेऊन. मी पांगरूण छातीपत्तुर वडून बसलो व्हतो. ती बसली, पानी पिली, मग म्हनाली, 'दाखवा.'

'काय?'

'पाय.'

'बगन्यासारखं काय न्हाय तितं.'

'येडूनं दाखवला की मला, पट्ट्या सोडताना. कागदावरच्या गड्याचा बगितला, आन नवऱ्याचा बगू नगं व्हय?'

तवाबी हिंदुराव, मला त्याचा हेवा वाटला. माज्या आदी त्यानं दाखवला. मी रागानं पांगरूण बाजूला केलं. ती वाकली, नीट बगितलं, कापल्या जागंवर हात ठेवला. रडली न्हाय. म्हनाली, 'भावजींनी चुकीचं काडलंय. येडूचा लईच वर दावलाय. तुमचा गुडगा शाबूत हाय.' तुला खरं सांगू? तुजं चुकलं म्हनून मला जेवडं बरं वाटलं तेवडं डाक्टरच्या कुठल्या बोलन्यानं वाटलं न्हवतं.

ती दोन दिस ऱ्हायली. जाताना मे महिन्याचे पेपर पाठवीन म्हनली, तसे आले. त्यात येडू चालतोय. पयल्या चौकटीत पाय बांदला, दुसरीत उभा ऱ्हायला, तिसरीत काठी घेऊन चालला, सिस्टरा टाळ्या वाजवतायत.

असं न्हाय होत, हिंदुराव. मला पाय बांदून आज सोळा दिस झाले. मी अकरा येळा पडलो. एकदा संडासात पडलो आन आतनं कडी, कुनाला हाक मारायची लाज. पट्टा मांडीला घासून कातडं निगतं. तुजा येडू पयल्या दमात चालला, आन हितले गडी ते चित्र बगून मला म्हनतात, तो बग कसा चालला, तू का न्हाय चालत? कागदावरच्या मानसापुढं मी लाजू का?

त्याला मारू नगंस. बंदबी करू नगंस. त्याला पाड. मी जेवड्या येळा पडलो तेवड्या येळा पाड. मी दर आठवड्याला लिवून कळवीन, तू काड. आता मी सांगतोय म्हनून काड. मग ती चोरी न्हवं.

कान ऱ्हाऊ देत.

रामहरी

*

सोलापूर
३० जुलै १९७२

रामहरी,

येडू बंद झाला. गेल्या गुरुवारी शेवटचा छापला.

तुझ्या सगळ्या पत्रांप्रमाणे मी काढत गेलो. तो कॉटवरून पडला, जिन्यात पडला, संडासात पडला. कडी आतून होती तेही काढलं. अण्णांनी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि छापलं, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात पत्रं आली, 'येडू, धीर सोडू नकोस.' दुसऱ्या आठवड्यात कमी. मग लोक मला रस्त्यात अडवायला लागले. एक कापडवाले म्हणाले, 'सकाळी चहाबरोबर हे काय बघायचं? त्याला नीट तरी करा, नाहीतर घरी तरी पाठवा.' जून संपता संपता दिवसाला दोन पत्रं येत होती. एक पत्र मात्र दर आठवड्याला यायचं, तुझ्या वॉर्डातून. सिदूनं लिहिलेलं. 'बरोबर चाललंय' एवढंच असायचं.

पाऊस नाही, पेपरात दुष्काळाच्या बातम्यांना जागा पुरत नाही. अण्णा म्हणाले, 'येडूला पुन्हा बाजारात सोडा, टांग्यात बसवा. लोकांना हसू द्या. नाहीतर मला ती जागा हवी.' मी म्हटलं, एका पायावर तो टांग्यात कसा चढणार ते आधी काढायला लागेल. ते म्हणाले, 'तेच तर म्हणतोय, पाय नाही असं दाखवू नका.' मी नाही म्हटलं. भांडण झालं नाही. त्यांनी चहा मागवला आणि आम्ही तो प्यालो.

सत्काराच्या मंडळींकडं मी गेलो होतो, तुला न विचारता. म्हटलं, चित्राला हार घालण्यापेक्षा आमचा रामहरी ऑगस्टात सुटतोय, त्याला बोलवा. त्यांना आनंद झाला. मग विचारलं, कुठल्या चढाईत लागलं? मी जे खरं ते सांगितलं. त्यांनी 'कळवतो' म्हटलं. कळवलं नाही. माफ कर, तुझी गोष्ट पुन्हा एकदा न विचारता बाहेर काढली.

येडूबरोबर माझीही कचेरी सुटली, मी आता नव्या पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवतो. शिडीवर उभं राहावं लागतं. मला उंचीची भीती वाटते हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

हिंदुराव

*

जेऊर
५ नोव्हेंबर १९७२

हिंदुराव यास रामहरीचा रामराम.

तुजं पत्र पुण्यास्नं फिरून फिरून हितं आलं. तवर मी सुटून घरी आलो व्हतो. सत्कार झाला न्हाय ते बरं झालं, मी आलोच नसतो असं लिवनार व्हतो. पन खोटं कशाला. आलो असतो. येडूच्या सत्काराला मलाबी बोलवतील म्हनून विजयमालाला सांगून खाकी इस्त्री करून ठेवली व्हती.

येडू बंद झाल्यावर मला सुनंसुनं झालं. तुला हसू येईल. सहा म्हैनं त्याच्यावर जळलो आन तो गेल्यावर पडायला सोबत ऱ्हायली न्हाय. सिदू सुटून गावी गेला, मेंढरं राखतोय. त्याचं कार्ड येतं. त्यातबी तो इचारतो, येडूचं पुडं काय झालं?

विजयमाला शिवनाचं मशीन घेऊन हितं आलीय. आई तिला कामाला हात लावू देत न्हाय आन दोगी मिळून मला उठू देत न्हाईत, म्हनून मी काम बगितलं. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निगालंय. चारशे मानसं माती वडतायत. मला हजेरी घ्यायला ठेवलंय. तंबूत खुर्ची दिलीय, पन मी बसत न्हाय. समदे राबतायत आन आपन बसायचं हे मला सोसत न्हाय. आन खरं कारन दुसरं. बसलो की लोकं पायाकडं बगतात. उभा ऱ्हायलो की विजारीत कळत न्हाय. म्हनून वही घेऊन दिसभर उनात उभा ऱ्हातो. सांजच्याला मांडी सोलून निगते, घरी सांगत न्हाय.

परवा दुपारच्या सुटीत एक म्हातारी जवळ आली. दगडाबाई नाव, करमाळ्याच्या अंगाची, सुनंबरोबर कामाला येती. कानाकडं बगत बगत उभी ऱ्हायली. मग म्हनली, 'बाबा, तुला कुटंतरी बगितलाय.'

'हजेरीला रोज बगता की.'

'तसं न्हाय. आमची सून सोलापूरच्या गिरनीत व्हती तवा पेपर वाचून दावायची मला. त्यात एक येडू व्हता. मला अक्षर येत न्हाय, चित्र बगायची. तुज्यासारखे कान. लढाईत पाय गेला त्याचा. रोज पडायचा बिचारा. मग पेपरात यायचाच थांबला. सुनंला इचारलं, ती म्हनली बंद झालं.' असं म्हनून ती माज्याकडं बगत ऱ्हायली. 'मेला का रं तो?'

हिंदुराव, बाकी समद्यांनी त्याला हाकलला. ही एक बाई तीन म्हैनं त्याचा घोर लावून बसली व्हती. दुसऱ्या कुनी इचारलं असतं तर मी म्हनलो असतो, कागदावरचा व्हता, कसला मरतोय. मी म्हनलो, 'न्हाय. हाय की जिता.'

'उठला का?'

'उठला.'

'आन बायको?'

'नांदती. कडक भाकरी करती.'

'मग आता कुटं असतो?'

'हितंच असतो,' म्हनलो. 'तलावाच्या कामावर.'

तिनं माज्या विजारीकडं बगितलं, जितं डाव्या बाजूला कापड ताठ उभं ऱ्हातं. डोक्यावरची चुंबळ काडली, झाडून परत ठेवली. दोन पावलं गेली आन वळून म्हनली, 'त्याला सांग, उनाचं उभा ऱ्हाऊ नगं म्हनावं. खुर्ची हाय, तर बस म्हनावं.'

मी बसलो. पाय लांब केला आन हजेरी पुडं चालू केली.

रामहरी